जहाजाचा प्रोजेक्ट आलाय? आधी नंबर शोधा

नाशिकच्या सिडकोत माझं स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान आहे. शाळेनं ‘एका प्रवासी जहाजाचा इतिहास’ दिला की संध्याकाळभर टायटॅनिकचे रंगीत प्रिंट निघत राहतात. गल्ला भरतो, माझी तक्रार नाही. पण टायटॅनिकवर मुलाला शोधायला काही उरलेलंच नसतं, नुसतं उतरवून काढायचं.

त्यापेक्षा जिवंत जहाज घ्या. माझ्या सातवीतल्या भाच्यानं एम्प्रेस घेतली. ही कॉर्डेलिया कंपनीची क्रूझ 2021 पासून मुंबईहून सफरी करू लागली. नाशिकच्या मुलाला समुद्र बघायचा तरी घाट उतरावा लागतो, पण या बोटीचे फोटो मात्र कुणा ना कुणा नातेवाइकाच्या फोनमध्ये सापडतात.

पहिली अडचण अशी, की गुगलवर नाव टाकलं की 2021 च्या अमली पदार्थांच्या धाडीच्या बातम्यांचा ढीग येतो आणि बोटीचा इतिहास त्याखाली गाडला जातो. शिवाय एम्प्रेस नावाच्या बोटी ढीगभर. म्हणून नाव बाजूला ठेवा आणि बोटीचा आयएमओ नंबर, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा ओळख क्रमांक, शोधा. सात आकडे असतात. मालक बदलो, झेंडा बदलो, नाव बदलो, नंबर तोच राहतो, बोट भंगारात जाईपर्यंत. ही पद्धत 1987 साली आली आणि 1996 पासून मोठ्या जहाजांना सक्तीची झाली. एम्प्रेसचा नंबर 8716899.

नंबर बरोबर उतरवलाय का, हे मुलालाच तपासू द्या. पहिल्या सहा आकड्यांना क्रमानं 7, 6, 5, 4, 3, 2 नं गुणायचं आणि बेरीज करायची. इथं 56, 42, 5, 24, 24 आणि 18 मिळून 169 होतात. शेवटचा आकडा 9, नंबराचा सातवा आकडाही 9. जुळलं! भाच्यानं मग घरातल्या सगळ्यांना हे करून दाखवलं, अगदी आजीलासुद्धा.

नंबर टाकून शोधलं की जुनी नावं बाहेर पडतात. ही बोट 1990 मध्ये फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या गोदीत पूर्ण झाली, तेव्हा तिचं नाव नॉर्डिक एम्प्रेस होतं. 2004 मध्ये ती एम्प्रेस ऑफ द सीज झाली. 2008 मध्ये स्पेनच्या पुलमंतूर कंपनीकडे गेली, 2016 मध्ये रॉयल कॅरिबियन या आधीच्या कंपनीकडे परत आली आणि कोविडनं क्रूझचा धंदा बसवला त्या 2020 सालात विकली गेली. तारखा मिळाल्या म्हणून थांबू नका. प्रत्येक बदलापुढे ‘का?’ लिहायला लावा. एकाचं उत्तर मिळालं तरी तो इतिहास झाला, नाहीतर नुसती यादी. आणि तारीख घातलेला जुना फोटो मिळाला तर बोटीच्या अंगावर रंगवलेलं नाव मोठं करून वाचायला सांगा. छापील माहितीपेक्षा तो पुरावा पक्का.

एक चूक प्रिंटमध्ये सारखी दिसते: ‘वजन 48,563 टन’. हे वजन नव्हे. ग्रॉस टनेज म्हणजे बोटीच्या आतल्या बंदिस्त जागेचं माप. बाईंनी विचारलं तर मुलाला सांगता यायला हवं.

आता जुनी बोट. नाशिकच्या मुलासाठी माझ्या मते सगळ्यात चांगला विषय मोरिया. ती क्रूझ नव्हती, पी अँड ओ कंपनीची प्रवासी आगबोट होती, 1908 ची, ग्लासगोच्या गोदीतली. आपल्या भगूरचे सावरकर 8 जुलै 1910 ला फ्रान्सच्या मार्सेय बंदरात हिच्यातूनच समुद्रात उडी मारून निसटले होते. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनावरून त्यांना पकडून हिंदुस्थानात आणलं जात होतं, आणि तो खून झाला आपल्या विजयानंद थिएटरात. त्या काळी आयएमओ नंबर नव्हते. अशा वेळी नाव, कंपनी आणि बांधणीचं साल हे तिन्ही एकत्र टाकून शोधायचं, नाहीतर त्याच नावाची भलतीच बोट गळ्यात पडते. पी अँड ओच्या वारसा विभागानं आपल्या जुन्या बोटींची माहितीपत्रकं इंटरनेटवर ठेवली आहेत. चरित्रं मात्र मराठीत वाचा, त्यासाठी 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहेच. मुलाचा हात धरून तिथं जा, फोन घरी ठेवून.

आणि दोन ठिकाणची माहिती समोरासमोर ठेवून तपासा. ‘मोरियानं सावरकरांना मुंबईत आणलं’ असं बरेचजण लिहून मोकळे होतात. एडनला त्यांना सालसेट नावाच्या दुसऱ्या बोटीवर चढवलं होतं, आणि ती 22 जुलैला मुंबईला लागली. म्हणजे एका उडीच्या प्रोजेक्टात दोन बोटी आल्या. सालसेटचं पुढे काय झालं, ते 1917 सालात शोधायला सांगा.

चार्टवर लंडन, मार्सेय, सुएझ, एडन, मुंबई अशी रेघ मुलानंच ओढावी. एडनला स्केचपेनचा रंग बदलायचा.