लेझरचा निर्णय तपासणीच्या खोलीत होतो

कोल्हापुरातल्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात मी सतरा वर्षं ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढते. चष्मा घालवायला आलेला माणूस डॉक्टरांच्या आधी माझ्यासमोर हनुवटी टेकवतो आणि विचारतो, "मॅडम, पुढच्या महिन्यात लग्न आहे, या आठवड्यात होईल का?" ऑपरेशन दहा-पंधरा मिनिटांचं असतं, म्हणून तपासणीही तेवढ्यात उरकेल असं वाटतं. तपासणीला मात्र अर्धा दिवस हाताशी ठेवा. पुढचं सगळं तिथेच ठरतं.

तयारी घरूनच सुरू होते. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर निदान एक आठवडा, जमलं तर दोन आठवडे आधी बंद करा. कडक लेन्स असतील तर तीन-चार आठवडे. लेन्सने बुबुळाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा (कॉर्नियाचा), आकार किंचित बदललेला असतो, त्या बदललेल्या आकारावर काढलेला नंबर खोटा निघतो. "कालच काढल्या" म्हणणाऱ्यांना मी सरळ परत पाठवते, रागावले तरी. चष्म्याचे जुने कागद शोधून आणा. वय अठराच्या पुढे हवं, आणि गेल्या वर्षभरात नंबर अर्ध्या (0.5) नंबराहून जास्त हललेला नको. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर थांबा, त्या दिवसांत नंबर स्थिर राहत नाही. मुरुमांच्या गोळ्या, मधुमेह, संधिवात, सतत कोरडे पडणारे डोळे, हे न विचारताही सांगा. पडदा बघायला बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, पुढचे काही तास धूसर दिसतं. तेव्हा गाडी चालवत येऊ नका, कोणाला तरी सोबत आणा.

आता तपासणीतला हिशेब. बुबुळाची जाडी साधारण 540 मायक्रॉन असते, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. लासिक या नेहमीच्या लेझर ऑपरेशनमध्ये वरचा 110 मायक्रॉनच्या आसपासचा पापुद्रा झाकणासारखा उचलतात, त्याला फ्लॅप म्हणतात. मग एका नंबरामागे ढोबळमानाने 15 मायक्रॉन लेझरने घासले जातात. नंबर 6 असेल तर 90. 540 मधून 110 आणि 90 वजा केले की 340 उरतात, उत्तम. पण जाडी 480 आणि नंबर 8 असेल तर? 250 उरतात, म्हणजे अगदी काठावर. बरेच डॉक्टर 300 च्या खाली जायला तयार नसतात, आणि मला ते पटतं. तुमचा हा हिशेब डॉक्टरांना कागदावर मांडायला लावा. यात संकोच कसला? डोळा तुमचा आहे.

जाडीपेक्षाही मी नकाशाला जपते. टोपोग्राफीत बुबुळाचा चढउतार रंगांत दिसतो. खालचा भाग लाल, फुगलेला दिसला तर केराटोकोनसची, म्हणजे बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येण्याच्या आजाराची, शंका येते. अशा बुबुळावर लेझर मारलं तर ते आणखी कमकुवत होऊन पुढे येत राहतं आणि नजर चष्म्यानेही सुधारत नाही. हे मी इतक्या पोटतिडकीने सांगते, कारण तो नकाशा माझाही आहे. कामाला लागले त्या वर्षी मलाही लेझर करून घ्यायचं होतं. नंबर साडेचार, जाडी चांगली. पण लहानपणापासून ॲलर्जीमुळे डोळे चोळायची सवय होती आणि खालचा भाग लाल आला. आमच्या डॉक्टरांनी नाही म्हटलं. मी स्टाफरूममध्ये जाऊन रडले. दुसऱ्या एका ठिकाणी "काही होत नाही, करून टाकू" असं ऐकवलं गेलं, तिथे मी गेले नाही. आजही चष्मा लावते आणि स्वच्छ वाचते. म्हणून तुम्हाला कोणी नाही म्हटलं तर होकार मिळेपर्यंत दवाखाने बदलत बसू नका. बुबुळ पातळ पण नकाशा चांगला असेल, तर डोळ्याच्या आत बसवायच्या लेन्सचा पर्याय विचारा.

काम आणि खेळ काय करता तेही सांगा. एक पैलवान वस्तादांना घेऊन आला होता, नंबर सव्वादोन. त्याला लासिकच हवं होतं, कारण मित्राला दुसऱ्या दिवशीच स्वच्छ दिसलं होतं. पण फ्लॅपची कड पूर्वीइतकी घट्ट कधीच जुळत नाही. कोपर किंवा अंगठा डोळ्यात बसला तर वर्षांनंतरही तो सरकू शकतो. डॉक्टरांनी पीआरके ही लेझरची दुसरी पद्धत सुचवली. त्यात फ्लॅप नसतो, वरची पातळ त्वचा काढून लेझर देतात आणि चार-पाच दिवस पट्टीसारखी लेन्स ठेवतात. पहिले दोन-तीन दिवस चांगलेच दुखतात, नजर स्थिरावायला आठवडे लागतात. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याला सांगितलं, "यंदाची मैदानं सोड." डॉक्टर हो म्हणेपर्यंत तो तांबड्या मातीत उतरला नाही.

ऑपरेशनच्या दिवशी अत्तर, काजळ, पावडर काही नको. इंजेक्शन नसतं, थेंबांनी डोळा बधिर होतो. फ्लॅप करताना दाब येतो आणि काही सेकंद अंधार होतो, घाबरू नका. डोळा किंचित हलला तर यंत्र मागोमाग जातं, जास्त हलला तर थांबतं. लेझर चालू असताना केस जळाल्यासारखा वास येतो, पण डोळा भाजत नसतो. हे किरण उष्णतेने जाळत नाहीत, रेणूंचे बंध तोडतात. हे आपल्याच मद्रासकडून अमेरिकेत गेलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी आयबीएमच्या प्रयोगशाळेत ओळखलं. 1981 च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या जेवणातल्या उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर त्यांनी हा लेझर चालवून पाहिला होता, आणि छेद स्वच्छ, कडा न करपता आला.

नंतर डोळा चोळायचा नाही. झोपेतही नाही, म्हणून रात्री कवच लावा. डोळ्यात नळाचं पाणी, शाम्पू, गुलाल जाऊ देऊ नका. जवळ मिरवणूक असेल तर गल्लीत उतरू नका. स्टेरॉइडचे थेंब सांगितले तितकेच दिवस घाला. संपले म्हणून औषधाच्या दुकानातून स्वतःहून पुन्हा आणू नका, त्याने डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, लाली आली, नजर अचानक धूसर झाली, तर त्याच दिवशी या. कोरडेपणा आणि रात्री दिव्यांभोवती वलयं काही महिने राहतात, काहींना त्याहून जास्त.

खर्चाचं एक: नंबर साडेसातच्या खाली असेल तर आरोग्यविम्यातून सहसा पैसे मिळत नाहीत.

चाळिशीजवळ आलेल्यांनी विशेष ऐका. आज चष्मा काढून मोबाइल जवळ धरून वाचता ना? लेझरनंतर ते जाईल, आणि वाचायला चाळिशी लागेल. आणि नंबर शून्य झाला तरी मागचा पडदा पूर्वीसारखाच ताणलेला असतो. वर्षातून एकदा तो तपासून घ्या. डोळ्यासमोर वीज चमकली किंवा काळा पदर आला तर वाट पाहू नका.

ऑपरेशनआधीचा नंबर, बुबुळाची वक्रता, जाडी आणि किती मायक्रॉन काढले, हे लिहिलेला कागद मागून घ्या. पुढे दाब मोजताना तो खरा असतो त्याहून कमी दिसतो, आणि मोतीबिंदूच्या वेळी लेन्सचा हिशेब चुकू शकतो. गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षिका मोतीबिंदूसाठी आल्या. वीस वर्षांपूर्वीचा असा कागद त्यांनी रेशनकार्डाच्या पिशवीत घडी घालून जपला होता. मी त्यातले आकडे यंत्रात भरले आणि त्यांना म्हटलं, "बाई, हनुवटी टेकवा."