मुंबईतल्या पालिका शाळेचं वर्ष: समितीतल्या पालकांनी काय, कधी करायचं

शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून आलेला पालक पहिल्या बैठकीला येतो तो बहुधा पंखा फिरत नाही किंवा नळ गळतो ही तक्रार घेऊन. तक्रार खरी असते, पण उशिरा आलेली असते. शाळेतली बरीचशी कामं कागदावरच्या ठरावीक तारखांना होतात किंवा अडतात. त्या तारखेच्या महिनाभर आधी विचारणाऱ्याचं काम होतं, नंतर विचारणाऱ्याला पुढच्या वर्षाची वाट बघावी लागते.

समिती म्हणजे काय, ते थोडक्यात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ती बंधनकारक आहे. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. महाराष्ट्रात १२ ते १६ जणांची समिती, मुदत २ वर्षं, अध्यक्ष पालकांतला आणि सचिव मुख्याध्यापक. बैठक महिन्यातून एकदा. तुमच्या हातातलं खरं हत्यार म्हणजे इतिवृत्ताची वही. ‘शौचालयाच्या दुरुस्तीवर चर्चा झाली’ असं लिहिलं तर ते कुणावरच बंधन घालत नाही. असं लिहा: ‘तळमजल्यावरच्या मुलींच्या शौचालयात ४ पैकी २ दारांना कडी नाही. मुख्याध्यापकांनी ८ दिवसांत प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांना पत्र द्यावं, पाठपुरावा अध्यक्षांनी करावा, पोचपावती पुढच्या बैठकीत ठेवावी.’ आकडा, नाव, मुदत. सही वाचून करायची, चहा येईपर्यंत वही फिरवून नव्हे.

मुंबईत आणखी एक गुंता असतो. एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू अशा दोन-तीन माध्यमांच्या शाळा, वर सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रं. पालिका आठ भाषांतून शिकवते, पण पाण्याची टाकी, जिना आणि शौचालय सगळ्यांचं एकच. प्रत्येक समितीला वाटतं, दुसरीने पत्र दिलं असेल. म्हणून जूनमध्येच इमारतीतल्या सगळ्या मुख्याध्यापकांची आणि अध्यक्षांची एक एकत्र बैठक घ्या आणि सामायिक कामांचा एकच ठराव सगळ्या वह्यांत शब्दशः उतरवा.

जून: नाव, पाऊल आणि पाऊस

पहिलीसाठी मुलाला ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण व्हायला हवीत. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दवाखान्यातली नोंद, अंगणवाडीतली नोंद किंवा पालकाचं लेखी निवेदन चालतं. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी मूल त्या दिवसापासून वर्गात बसलं पाहिजे. गावाहून थेट तिसरीच्या वयात आलेल्या मुलाला पहिलीत ढकलू नका. कायदा वयानुरूप वर्ग देतो आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण देतो. ते कोण घेणार, हे मोठ्या बाईंना त्याच दिवशी विचारा.

खरी चूक होते ती जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या कायमच्या नोंदवहीत. तिथे जे नाव पडतं तेच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातं आणि पुढे दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत पोचतं. नंतर बदलायचं तर शिक्षण विभागाची परवानगी काढावी लागते. नोंद करण्याआधी पालकाला समोर बसवून मुलाचं नाव, आईचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख मोठ्याने वाचून दाखवा. आडनाव आधी की नाव आधी, ‘शेख’ पुढे की मागे, घरी ‘पिंकी’ आणि कागदावर ‘प्रियांका’, या गोष्टी तिथल्या तिथे मिटवायच्या. आधार कार्डावर वेगळं असेल तर जन्मदाखल्याशी जुळवून आधी आधार दुरुस्त करायला पाठवा. लहानपणी काढलेल्या आधारावर बोटांचे ठसे नसतात. ते ५ ते ७ वर्षं वयात मोफत घालून मिळतात, आणि पहिली-दुसरीतल्या बऱ्याच मुलांचं घोडं नेमकं इथेच अडतं.

पालिका विद्यार्थ्यांना २७ शालेय वस्तू मोफत देते. त्यांत सगळ्यांत जास्त फसतं ते बुटांचं माप. ‘याला दोन नंबर’ असं पालकाने तोंडी सांगितलेलं माप गेल्या वर्षीचं असतं. कागद जमिनीवर ठेवा, मुलाला मोज्यासकट दोन्ही पायांवर सरळ उभं करा, पेन्सिल उभी धरून कडेने रेघ काढा, टाच ते सर्वांत लांब बोट मोजा आणि त्यात १ सेंटिमीटर मिळवा. दोन्ही पाय मोजून मोठा धरा. कागदाच्या मागे नाव, इयत्ता, तुकडी. चाळीस मुलांचा वर्ग दोन पालक तासाभरात उरकतात. वाटपाच्या दिवशी आलेल्या वस्तू यादीशी ताडून घ्या आणि जे आलं नाही त्यापुढे पालकाची सही घेऊ नका.

पावसाची तयारी पहिल्या आठवड्यातच. प्रत्येक वर्गाच्या तीन याद्या हव्यात: एकटी जाणारी मुलं, मोठ्या भावंडाबरोबर जाणारी, कुणीतरी न्यायलाच येणारी. शेजारचा एक फोन नंबर जादा घ्या, कारण आईवडील दोघंही कामावर लोकलमध्ये अडकलेले असतात. भरतीची वेळ आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की सखल भागात पाणी चढतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा रस्त्यावर निघालेले अडकले. म्हणून रस्त्यात पाणी असेल तर मुलं शाळेतच, वरच्या मजल्यावर थांबवायची. ‘जवळच राहतो’ म्हणून एकालाही सोडायचं नाही. पालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६ फाटकाजवळ रंगवून घ्या. सत्र बदलताना, दुपारी साडेबाराच्या सुमाराला, जाणारी आणि येणारी मुलं एकाच फाटकात भिडतात आणि छत्र्यांच्या काड्या डोळ्यांच्या उंचीला येतात. तिसरीपर्यंतच्यांना रेनकोटच बरा. तुंबलेल्या पाण्यातून चालत आलेल्या मुलाला ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात दाखवा. लेप्टोसाठीची (तुंबलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापासाठीची) गोळी द्यायची का, कोणती, ते डॉक्टर ठरवतील. घरात उरलेली देऊ नका.

खिचडी रोजची आहे, म्हणून तिच्याकडे रोज बघा

पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल हे प्रमाण आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. सहावी ते आठवीला तांदूळ, डाळ, भाजी आणि तेल दीडपट. पहिली ते पाचवीची १२० मुलं हजर असतील तर १२ किलो तांदूळ, २ किलो ४०० ग्रॅम डाळ, ६ किलो भाजी, ६०० ग्रॅम तेल. मुंबईत अन्न बहुतेक ठिकाणी बाहेरच्या स्वयंपाकघरातून, बचत गटाकडून किंवा संस्थेकडून, डब्यांत भरून येतं. त्यामुळे तुम्ही कच्चा माल मोजू शकत नाही, पण आलेलं बघू शकता. पिवळी, पातळ आणि भाजीचा तुकडा शोधावा लागणारी खिचडी म्हणजे डाळ-भाजीला कात्री लागली आहे.

वाढण्याआधी अर्धा तास एक शिक्षक आणि एक पालक चव घेतात आणि चव रजिस्टरमध्ये वेळेसकट लिहितात. चव म्हणजे वरचा एक घास नव्हे. डबा उघडल्यावर आधी वास घ्या, मग डाव तळापर्यंत घालून मधलं अन्न वर काढा, कारण बंद डब्यात आंबायला सुरुवात मध्यात होते. डाळ भातापेक्षा लवकर उतरते. डावाने उचलताना तार सुटली, किंवा जिभेवर आंबूस चुणचुण आली, तर वाढप थांबवायचं, मग मागे दोनशे मुलं ताटल्या वाजवत असली तरी. रजिस्टरमध्ये शेरा, डब्याचा फोटो, मुख्याध्यापकांचा वरती फोन, त्याच क्रमाने. चांगल्या दिवशीही झाकणाच्या छोट्या डब्यात नमुना तारीख घालून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचा. धोका जास्त दुपारच्या सत्राला, आणि त्यातही ऑक्टोबर व एप्रिलमध्ये. चव घेणाऱ्या पालकांची पाळी महिन्याच्या सुरुवातीलाच फळ्यावर लिहा. ‘ज्याला जमेल त्याने यावं’ असं ठरवलं की पंधरा दिवसांत कुणालाच जमत नाही.

३० सप्टेंबर

ही तारीख पालकांना सहसा कुणी सांगत नाही. या दिवसाच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे पुढे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक हा निकष. पटावर नाव असूनही आधार जुळत नसलेलं मूल मोजणीत धरलं जात नाही, त्यामुळे चार-पाच मुलांच्या स्पेलिंगपायी एक पद जाऊ शकतं. ऑगस्टच्या बैठकीत न जुळणाऱ्या नावांची यादी मागा आणि वस्तीनिहाय वाटून घ्या. एकेका पालकाकडे पाचपेक्षा जास्त घरं देऊ नका.

याच काळात गणपती येतात आणि कोकणातली मुलं आठ-दहा दिवस गावी जातात. ते गृहीतच धरा, त्यावरून पालकांना ओरडण्यात अर्थ नाही. वर्गशिक्षकांना सांगून चाचणी विसर्जनानंतर किमान एक आठवडा सोडून ठेवायला लावा. पण दिवाळीनंतर किंवा मे महिन्यानंतर दहा दिवस न आलेल्या मुलाच्या घरी मात्र कुणीतरी जायचंच. पुनर्विकासात चाळ पाडली असेल तर कुटुंब संक्रमण शिबिरात किंवा थेट कल्याण-विरारकडे गेलेलं असतं. शेजाऱ्याकडून नवा पत्ता घेऊन तिथल्या शाळेत नाव लागलं का, हे बघितल्याशिवाय नाव कमी करू नका.

हिवाळा त्यामानाने सोपा. संकलित मूल्यमापन १, म्हणजे पहिल्या सत्राची परीक्षा, झालं की उत्तरपत्रिका पालकांनी शाळेत येऊन बघाव्यात. श्रेणीपेक्षा मूल नेमकं कुठे अडलं ते बाईंच्या तोंडून ऐका. जंतनाशक गोळी उपाशीपोटी देऊ नये, चावून खायला लावावी, आजारी मुलाला नंतर द्यावी. ज्यांच्या पोटात जंत जास्त असतात त्यांना थोडी मळमळ होते, घाबरू नका. स्नेहसंमेलनाला भाड्याच्या कपड्यांची वर्गणी काढू नका. ज्याच्याकडे नसते ते मूल त्या दिवशी गैरहजर राहतं.

पाचवीच्या पालकांना फेब्रुवारीतच सांगा: पाचवीला वार्षिक परीक्षा आहे, अनुत्तीर्ण झालं तर निकालानंतर पुन्हा संधी मिळते आणि तीही गेली तर मूल त्याच वर्गात राहतं. १ मेला निकाल घेऊन गाडी पकडणाऱ्यांना फेरपरीक्षेची तारीख हातात लेखी द्या. शाळा बदलणाऱ्यांनी दाखला गावी जाण्याआधीच घ्यावा आणि काउंटरवरच जनरल रजिस्टरशी अक्षर न् अक्षर ताडून बघावा.

टाकी मे महिन्याच्या सुरुवातीला धुवून भरून ठेवू नका. महिनाभर साठलेल्या पाण्यावर शाळा उघडते आणि पहिल्याच आठवड्यात पोटं बिघडतात. शाळा सुरू होण्याच्या दोन दिवस आधी टाकी रिकामी करून घासा, भरा, आणि सगळ्यांत वरच्या मजल्यावरचा नळ तांबडं पाणी जाईपर्यंत सोडून ठेवा.