आधी भावनेला शब्द, मग लेकराला समज

तीन-चार वर्षांचे लेकरू दुकानासमोर जमिनीवर लोळण घेते, तेव्हा ते हट्टी आहे असे आपण लगेच ठरवून टाकतो. वास्तविक, आवेग आवरण्याचे काम मेंदूचा जो पुढचा भाग करतो त्याची वाढ वयाच्या पंचविशीच्या आसपास पूर्ण होते, तर राग आणि भीती जागवणारे भाग फार लवकर कामाला लागलेले असतात. त्यामुळे भावना आवरणे हे लेकरू मोठ्यांच्या आधारानेच शिकते.

लेकरू रडण्याच्या भरात असताना काहीही समजावू नये. उभ्याने ओरडण्याऐवजी त्याच्यासमोर उकिडवे बसावे, आवाज खाली आणावा आणि ते मारत असेल तर हात हळूच धरून ‘मी मारू देणार नाही’ एवढेच म्हणावे. जवळ येऊ देत असेल तर पाठीवरून हात फिरवावा. नको म्हणत असेल तर दोन हात अंतरावर शांत बसून राहावे. आपलाच संताप अनावर झाला असेल, तर लेकराला घरातील दुसऱ्या माणसाकडे सोपवून थोडे बाजूला जावे. भूक, अपुरी झोप आणि उन्हाळ्यातील उकाडा यांनीही रडे वाढते, तेही आधी तपासावे.

रडे ओसरले की भावनेला नाव द्यावे. आपल्या भाषेत यासाठी किती तरी शब्द आहेत आणि आपण लेकरांना त्यांतला ‘राग’ एवढाच शब्द देतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. धाकट्याला मांडीवर घेतले म्हणून त्याला हेवा वाटला असेल, खेळात घेतले नाही म्हणून ते हिरमुसले असेल, पाहुण्यांसमोर बुजले असेल, किंवा यात्रेतल्या गर्दीत क्षणभर हात सुटला म्हणून धास्तावले असेल. नाव सांगताना ते लादू नये, विचारावे. पोळ्याचा मातीचा बैल भावाच्या हातून फुटला, तर ‘बैल फुटला म्हणून तू खट्टू झालास का?’ असे म्हणावे. आपला अंदाज चुकला तर लेकरू मान हलवते, आणि तसे करताना ते स्वतःच्या मनात डोकावून पाहत असते. त्यानंतरच मर्यादा सांगावी: वाईट वाटणे चालेल, भावाला चावणे चालणार नाही.

श्वासाचा सराव मात्र शांत वेळी करून घ्यावा. गरम वरणावर घालतो तशी लांब, सावकाश फुंकर पाच वेळा घालायला शिकवावी.

‘पोरं रडत नसतात’, ‘रडलास तर पोलीस नेतील’ ही वाक्ये घरातून कायमची काढून टाकावीत. त्यांनी लेकरू गप्प होते, पण भीती आत तशीच राहते आणि पुढच्या वेळी ते आपल्याला काही सांगायला येत नाही.

मराठवाड्यातील ज्या घरांतून आई-वडील ऊसतोडीला जातात, तेथे ही काळजी अधिकच घ्यावी लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, धाराशिवकडील टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, आणि कित्येक लेकरे हंगाम संपेपर्यंत आजी-आबांजवळ राहतात. लेकरू झोपलेले असताना निघून जाऊ नये. जाग आल्यावर आई नाही हे कळण्याचा धक्का निरोपाच्या रडण्यापेक्षा मोठा असतो. लहान लेकराला महिने कळत नाहीत, म्हणून ‘आधी संक्रांत, मग आपल्या शेतातला हरभरा निघेल, मग होळी आणि त्यानंतर आई येईल’ असा क्रम सांगावा, मात्र नक्की ठाऊक नसलेला दिवस सांगू नये. फोन शक्यतो ठरलेल्या वेळी करावा. आजीने ‘आईची आठवण काढू नको’ न म्हणता ‘तुला करमत नाही, मलाही करमत नाही’ असे म्हणावे आणि आईची एखादी जुनी साडी अंथरुणात द्यावी.

काही आठवडे झोप आणि जेवण तुटले, येत असलेले बोलणे बंद झाले किंवा लेकरू स्वतःला इजा करू लागले, तर अंगणवाडीताईंना सांगून सरकारी दवाखान्यात दाखवावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.

हंगामाहून परतलेली आई हात पसरते आणि लेकरू आजीच्या पदराआड लपते, असे पुष्कळदा घडते. आईने ते मनाला लावून घेऊ नये आणि कोणी त्याला पुढे ढकलू नये. तिने शेजारी बसून भाकरी थापावी, आजीशी बोलत राहावे आणि लेकराने स्वतःहून जवळ येईपर्यंत, त्याला दोन दिवस लागले तरी, वाट पाहावी.