आरोग्य संशोधनात सामाजिक मनोवृत्तीचे सांख्यिकीय मॉडेल करताना या चुका टाळा

आरोग्य संशोधनात रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन यांचे आकडे उपकरणातून मिळतात. क्षयरुग्णाबद्दलचा दुरावा, मानसिक आजाराविषयीची लाज किंवा लसीबद्दलची साशंकता मात्र कोणतेही उपकरण मोजत नाही. उत्तरदात्याने प्रश्नावलीतील विधानांना दिलेल्या होकार-नकारावरून अशा मनोवृत्तीचा अंदाज करावा लागतो आणि तो अंदाजच पुढे आकडा म्हणून मॉडेलमध्ये जातो. हा आकडा कोठून आला हे सॉफ्टवेअर विचारत नाही. त्यामुळे या क्षेत्रातील बऱ्याच चुका कोणतीही सूचना न मिळता नेटक्या तक्त्यांतून छापून येतात. निकाल विचित्र दिसला की संशोधक मॉडेल बदलत बसतो. दोष मात्र बहुतेक वेळा मॉडेलच्या आधीच्या पायरीवर असतो.

मोजपट्टी आधी तपासा

पाच पर्यायांच्या प्रश्नाची सरासरी सात आली, तर ‘उत्तर दिले नाही’साठी वापरलेला ९९ हा संकेतांक गुण म्हणून मोजला गेला असण्याची दाट शक्यता आहे. ही चूक निदान लगेच दिसते. ‘माहीत नाही’ या उत्तराला मधला पर्याय समजून ३ गुण देण्याची सवय अधिक घातक आहे, कारण आजाराविषयी काहीच ठाऊक नसणे आणि ठाऊक असूनही तटस्थ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या गटात माहिती कमी, त्या गटाची सरासरी अशा गुणांकनामुळे मध्याकडे ओढली जाते आणि तो गट उगाचच उदार किंवा उगाचच कठोर दिसू लागतो.

क्रॉनबाख अल्फा (प्रश्नावलीतील विधाने एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा) ऋण किंवा फारच कमी आला, तर उलट अर्थाच्या विधानांचे गुण फिरवायचे राहिले आहेत का, हे सर्वांत आधी पाहावे. उरलेल्या विधानांच्या बेरजेशी ज्या विधानाचा सहसंबंध ऋण आहे, तेथे दोष सापडतो. अल्फा चांगला आला म्हणूनही निर्धास्त राहू नये. विधानांमधील सरासरी सहसंबंध अवघा ०.२ असला, तर पाच विधानांचा अल्फा सुमारे ०.५६ येतो आणि तितक्याच सैल वीस विधानांचा सुमारे ०.८३. म्हणजे विधाने वाढवली की अल्फा वाढतो; ती सर्व एकच मनोवृत्ती मोजतात हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी घटक विश्लेषणच (कोणती विधाने एकत्र बदलतात याची तपासणी) करावे लागते. त्यातही सर्व उलट विधाने मिळून एक वेगळा घटक दिसला, तर त्याला नवे नाव देण्याची घाई करू नये. प्रत्येक विधानाला ‘सहमत’ म्हणत जाण्याच्या सवयीमुळेही असा घटक तयार होतो.

मध्यकावर तुकडे करू नका

रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत अनेक विधानांचे गुण एकत्र केले जातात. अशी बेरीज सलग चल (वजनासारखी सलग बदलणारी संख्या) म्हणून वापरणे बहुधा निभावते. एकाच विधानाच्या पाच पर्यायांवर साधे रेषीय रिग्रेशन चालवणे मात्र धोक्याचे असते, विशेषतः बहुतेक उत्तरे एका टोकाला साचली असतील तेव्हा. तेथे पर्यायांचा फक्त क्रम धरणारे क्रमवार लॉजिस्टिक रिग्रेशन योग्य ठरते. त्याचे ‘प्रपोर्शनल ऑड्स’ हे गृहीतक (पर्यायांमध्ये कोठेही छेद घेतला तरी परिणाम सारखाच राहतो, असे) ब्रँट चाचणीने तपासतात, पण मोठ्या नमुन्यात ही चाचणी क्षुल्लक फरकावरही गृहीतक नाकारते. म्हणून प्रत्येक छेदबिंदूवर वेगळे लॉजिस्टिक मॉडेल चालवून गुणक खरोखर किती बदलतात, हे डोळ्यांनी पाहावे.

याहून मोठे नुकसान मध्यकावर छेद घेऊन ‘सकारात्मक’ आणि ‘नकारात्मक’ असे दोन गट पाडल्याने होते. तक्ता वाचायला सोपा होतो, एवढाच त्याचा फायदा. गुणांचे वितरण प्रसामान्य असेल, तर या एका कृतीने सुमारे ३६ टक्के माहिती वाया जाते. हजार जणांची मुलाखत घेऊन ६४० जणांएवढाच उपयोग करून घेण्यासारखे ते आहे. शिवाय मध्यक त्या नमुन्याचा असल्याने तेच गुण मिळवणारी व्यक्ती एका अभ्यासात सकारात्मक ठरते आणि दुसऱ्यात नकारात्मक.

दोन गट पाडले की पाठोपाठ ऑड्स रेशोचा (‘असणाऱ्यांचे नसणाऱ्यांशी प्रमाण’ याची दोन गटांतील तुलना) घोटाळा येतो. एका गटात ६० टक्के आणि दुसऱ्यात ४० टक्के लोकांची मनोवृत्ती प्रतिकूल असेल, तर ऑड्स रेशो २.२५ येतो आणि अहवालात ‘सव्वादोन पट’ असे छापले जाते. प्रत्यक्षातील प्रमाण दीडपट आहे. दुर्मीळ आजारात हा फरक नगण्य असतो, मनोवृत्ती मात्र क्वचितच दुर्मीळ असते. जोखमीचे गुणोत्तर हवे असल्यास लॉग-बायनोमियल मॉडेल वापरता येते. ते अभिसरित होत नसेल (गणन स्थिर उत्तरावर पोहोचत नसेल), आणि तसे वारंवार घडते, तर रोबस्ट (गृहीतक चुकले तरी टिकणाऱ्या) प्रमाण त्रुटी असलेले पॉसाँ रिग्रेशन वापरावे.

सांगितलेले आणि केलेले

रिचर्ड लापियर यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेला अनुभव आरोग्याविषयी नसला तरी येथे लागू पडतो. एका चिनी दांपत्यासोबत अमेरिकेत फिरताना त्यांनी अडीचशेहून अधिक हॉटेले आणि उपाहारगृहे गाठली. नकार फक्त एका ठिकाणी मिळाला. नंतर पत्राने विचारल्यावर उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी चिनी पाहुण्यांना प्रवेश देणार नाही असे कळवले. पत्राला उत्तर देणारी आणि दारात स्वागत करणारी व्यक्ती एकच होती का, हा आक्षेप रास्त आहे; तरीही प्रश्नावलीतील उत्तराला वर्तन समजू नये, एवढे त्यातून नक्की कळते.

आरोग्याच्या प्रश्नांत दिशा अनेकदा उलटी असते. एचआयव्ही असलेल्या विक्रेत्याकडून भाजी घ्याल का, या सर्वेक्षणांत रुळलेल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे शोभून दिसते. शिकलेल्या माणसाला शोभणारे उत्तर कोणते हे अधिक नेमके ठाऊक असू शकते, त्यामुळे ‘शिक्षण वाढते तसा कलंक कमी होतो’ या गुणकात खरा बदल किती आणि सफाईदार उत्तर किती, हे मॉडेल सांगू शकत नाही. नमुना वाढवूनही हा दोष जात नाही. मुलाखतीऐवजी उत्तरे स्वतः भरू देणे, किंवा वॉर्नर यांनी १९६५ मध्ये सुचवलेले यादृच्छिक उत्तर तंत्र (उत्तरदात्याने नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले हे मुलाखतकाराला कळू न देणारे) वापरणे, हे उपाय माहिती गोळा करण्यापूर्वीच ठरवावे लागतात. नंतर हाती उरते ती मुलाखतकारांतील तफावत तपासण्याची सोय, तीही मुलाखतकाराचा क्रमांक नोंदवला असेल तरच.

गट, निवड आणि बाणांची दिशा

एकाच वस्तीतील लोकांची मते एकमेकांसारखी असतात. प्रत्येक वस्तीतून २० जण घेतले आणि अंतर्गत सहसंबंध (एकाच वस्तीतील उत्तरांचे साम्य) फक्त ०.०५ असला, तरी अंदाजाचे विचरण (अनिश्चिततेचे माप) १.९५ पट होते, म्हणजे हजारांचा नमुना सुमारे ५१३ इतकाच बोलतो. हे दुर्लक्षिले की पी-मूल्ये फसवी लहान येतात. व्यक्ती आणि वस्ती हे दोन्ही स्तर धरणाऱ्या बहुस्तरीय मॉडेलने अभिसरणाची सूचना दिली, तर आधी सलग चल प्रमाणित करावेत आणि ज्या यादृच्छिक उताराचे (वस्तीगणिक बदलू दिलेल्या परिणामाचे) विचरण शून्याजवळ आहे तो काढावा. सूचना दडपून टाकू नये.

निवडीचा प्रश्न त्याहून अवघड आहे. ज्यांना कलंकाची सर्वाधिक भीती आहे ते रुग्णालयात येतच नाहीत. जे तीव्र भीती असूनही येतात, त्यांचा आजार बहुधा वाढलेला असतो. अशा नमुन्यात भीती आणि आजाराची तीव्रता यांचा जो संबंध दिसतो, तो निव्वळ दारातील निवडीतून तयार झालेला असू शकतो. बर्कसन यांनी १९४६ मध्ये रुग्णालयीन माहितीतील नेमका हाच सापळा दाखवला होता. त्यावर चल वाढवणे हा उपाय नाही. उलट, आजारी नातेवाइकाच्या अनुभवाचा उपचारातील विलंबावर होणारा एकूण परिणाम शोधताना मनोवृत्ती हा मधला दुवाही मॉडेलमध्ये घातला, तर परिणामाचा एक भाग आपणच पुसून टाकतो. आणि एका परिणामासाठी बांधलेल्या मॉडेलमधील इतर सर्व गुणकही ‘कारणे’ म्हणून वाचणे, ज्याला वेस्टराइक आणि ग्रीनलँड यांनी २०१३ मध्ये ‘टेबल टू फॅलसी’ (शोधनिबंधाच्या दुसऱ्या तक्त्यातील चूक) म्हटले, ही चूक तर आजही सर्रास दिसते.

मनोवृत्तीमुळे वर्तन बदलते की वर्तनाला साजेशी मनोवृत्ती नंतर तयार होते, हे एकाच वेळी घेतलेल्या सर्वेक्षणातून ठरत नाही. रचनात्मक समीकरण मॉडेल (कोणते चल कोणावर परिणाम करते हे बाणांनी दाखवणारे) चांगले जुळले की बाणांची दिशाही बरोबर आहे असे मानले जाते, पण या दोन चलांमधील बाण उलटा केला तरी अनेकदा जुळणीचे सर्व निर्देशांक अगदी तेच राहतात. समीक्षकाला पाठवण्यापूर्वी बाण एकदा उलटा करून मॉडेल चालवावे, आणि आकडे बदलले नाहीत तर दिशेबद्दलचा दावा एक तर वेगळ्या कालखंडांतील माहितीवर टेकवावा किंवा शोधनिबंधातून काढून टाकावा.