हायड्रिलाच्या प्रयोगातील या चुका टाळा

प्रकाशसंश्लेषणाचा वेग दाखवण्यासाठी शाळेत हमखास केला जाणारा प्रयोग म्हणजे पाण्याने भरलेल्या चंचुपात्रात हायड्रिला या पाणवनस्पतीच्या फांद्या नरसाळ्याखाली ठेवून, त्यावर पाण्याने काठोकाठ भरलेली परीक्षानळी उपडी घालणे आणि वर येणारे ऑक्सिजनयुक्त बुडबुडे मोजणे. हा प्रयोग फसला की वनस्पतीला दोष दिला जातो, पण चूक बहुधा मांडणीत असते.

सर्वाधिक घोटाळा पाण्यात होतो. पाणी शुद्ध असावे म्हणून ते उकळून गार केले जाते. परंतु उकळताना त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि प्रकाश कितीही प्रखर असला तरी बुडबुडे जेमतेम येतात. अशा वेळी पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) विरघळवावा, कारण हायड्रिला बायकार्बोनेटमधील कार्बनही वापरू शकते. फांद्या ताज्या असाव्यात, त्यांची कापलेली टोके नरसाळ्याच्या नळीकडे असावीत आणि पाणी खेळते राहावे म्हणून नरसाळे तळापासून किंचित उचललेले असावे.

दिवा दुप्पट अंतरावर नेला की प्रकाश निम्मा होतो, हा समज चुकीचा आहे. लहान दिव्याच्या बाबतीत तो सुमारे एक चतुर्थांश होतो. शिवाय तारेचा जुना बल्ब जवळ आणताना उष्णताही वाढते, त्यामुळे वेगातील बदल प्रकाशाचा की तापमानाचा हे सांगता येत नाही. एलईडी दिवा वापरावा, खिडकीतून येणारा उजेड अडवावा आणि दिवा हलवल्यावर काही मिनिटे थांबूनच मोजणी सुरू करावी. बुडबुडे लहानमोठे असतात, म्हणून शक्य असल्यास त्यांच्या संख्येऐवजी नळीत जमलेल्या वायूचे आकारमान मोजावे.

दिवा आणखी जवळ आणूनही आकडा वाढेनासा झाला की अनेक जण ते वाचन ‘चुकीचे’ म्हणून खोडून टाकतात. खरे तर प्रयोगातील सर्वांत मोलाचे वाचन तेच असते. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ एफ. एफ. ब्लॅकमन यांनी 1905 मध्ये मांडलेल्या मर्यादक घटकांच्या नियमानुसार, एकाच वेळी अनेक घटकांवर अवलंबून असलेल्या क्रियेचा वेग त्यांपैकी सर्वांत अपुरा पडणारा घटक ठरवतो. प्रकाश पुरेसा झाल्यावर कार्बन डायऑक्साइड किंवा तापमान आड येते. खात्री करायची असेल तर दिवा न हलवता थोडा सोडा वाढवावा. वेग वाढला तर अडसर कार्बनचा होता. याउलट मंद प्रकाशात तापमान वाढवून फारसा फरक पडत नाही, आणि ते फार वाढवल्यास विकरे (एन्झाइम) निकामी होऊन वेग घसरतो.

निष्कर्ष लिहितानाही काळजी घ्यावी. बाहेर पडणारा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून येतो असे लिहू नये. तो पाण्याच्या रेणूंमधून येतो, याला रूबेन आणि केमन या शास्त्रज्ञांच्या 1941 मधील जड ऑक्सिजनच्या (ऑक्सिजनच्या अधिक वजनाच्या समस्थानिकाच्या) प्रयोगांनी बळ दिले. जमलेला वायू शुद्ध ऑक्सिजनही नसतो, त्यात नायट्रोजन मिसळलेला असतो. म्हणूनच थोड्याशा वायूत धुमसती काडी पेट घेत नाही. तसेच, अंधूक उजेडात बुडबुडे थांबले म्हणजे प्रकाशसंश्लेषण थांबले असे नव्हे, कारण तयार होणारा ऑक्सिजन वनस्पतीच्या श्वसनातच खर्च होत असतो. त्यामुळे प्रयोगवहीत या आकड्याला ‘प्रकाशसंश्लेषणाचा निव्वळ वेग’ (श्वसनातील खर्च वजा जाता उरणारा) असेच म्हणावे.