मेन रोड वाचायचा कसा

१९७८ पासून मी आमच्या गावच्या मेन रोडवर पाट्या रंगवतो आहे. गाव वऱ्हाडातलं, शकुंतला या छोट्या रुळांच्या गाडीच्या काठचं, कापसावर वाढलेलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. या रस्त्यावरच्या निदान नऊ घरांच्या वाटण्या कोर्टात आहेत आणि पुढे जे सांगणार आहे त्यात उंबरठे, भिंती, खरेदीखतं सगळंच येतं.

दोन वर्षांपूर्वी रुंदीकरणाच्या खुणा मारायचं काम निघालं आणि ते मला मिळालं. लाल ऑइलपेंट, दोन इंची ब्रश, भिंतीवर आडवी रेघ, बाजूला मीटरचा आकडा. चौथ्या दिवशी एका भिंतीवर मीच १९७९ साली लिहिलेल्या नावावरून ती रेघ ओढावी लागली. त्या रात्री कोरी चोपडी काढली आणि रस्ता लिहायला बसलो. तुमच्या गावात अशा खुणा पडायच्या असतील तर त्याआधी सुरुवात करा. मी कसं केलं ते सांगतो.

सगळं गाव धरू नका, एकच रस्ता घ्या. माझा रस्ता जुन्या चावडीपासून जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकापर्यंत, ४१२ पावलं, दोन्ही अंगांनी मिळून ६७ इमारती. चोपडीचं डावं पान उगवतीच्या ओळीला आणि उजवं मावळतीच्या. प्रत्येक इमारतीला आपला स्वतःचा नंबर द्या, कारण नगरपरिषदेचे घर क्रमांक मध्ये मध्ये बदललेले असतात आणि मग जुन्या-नव्या नोंदींची गल्लत होते. सोबत पाच मीटरचा टेप, पेन्सिल आणि मोबाइल, एवढं पुरतं.

जायचं सकाळी साडेसहाला. दुकानं उघडली की ताडपत्र्या, लटकवलेल्या बादल्या आणि कपड्यांचे पुतळे यांत भिंत दिसतच नाही. आणि पहिली नजर वर टाका. खालचा मजला भाडेकरूचा असतो, दर दहा वर्षांनी बदलतो. वरची माडी मालकाची, तिच्याकडे कोणी बघत नाही, म्हणून ती टिकते. आमच्या २३ नंबरला खाली मोबाइलचं दुकान आहे, काच आहे, दिवे आहेत. वर मात्र सागवानी खांब, वरचा भार पेलणारी कोरलेली घोडी आणि लाकडी कठडा जसाच्या तसा. त्या रस्त्याने चाळीस वर्षं जाऊन मलाही तो कठडा पहिल्यांदा चोपडी घेतल्यावर दिसला.

मग खाली बघा, पायाशी. माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची नोंद आहे आणि ती कोणी करत नाही. रस्त्यापासून उंबरठ्यापर्यंतची उंची मोजा. मी पोर होतो तेव्हा २३ नंबरला चढायला पाच पायऱ्या होत्या. रस्ता मुरमाचा होता. मग खडी आणि डांबर आलं. दर निवडणुकीच्या आसपास जुनं न खरवडता त्याच्यावरच नवा थर पडत गेला. शेवटी सिमेंटचा रस्ता झाला. आज त्या घरात शिरायला एक पायरी उतरावी लागते. रस्ता चढत गेला, घर जागीच राहिलं. पावसाळ्यात नालीचं पाणी आत येतं म्हणून मालकाने उंबरठ्यावर विटांचा बांध घातलाय. प्रत्येक घरापुढे असा आकडा लिहीत गेलात की कोणती घरं जुन्या पातळीवरची आणि कोणती नंतर बांधलेली हे आपोआप वेगळं होतं.

ओटा दिसला तर त्याचीही उंची घ्या. आमच्याकडचे जुने ओटे बंडीच्या (बैलगाडीच्या) साट्याएवढे उंच होते. बंडी मागे करून ओट्याला लावायची आणि पोतं न उचलता सरकवून आत घ्यायचं. म्हणजे ओटा उंच असेल तर ते दुकान मुळात अडतीचं, धान्या-सरकीचं. कासार, सोनार, शिंपी यांचे ओटे बुटके, गिऱ्हाईक टेकून बसेल असे. दुकानात आज काय विकतात याचा इथे काही संबंध नाही.

दारांकडे या. शटर लोखंडी असलं तरी उंबरठ्याच्या लाकडात किंवा दगडात लांब खाच दिसते का बघा. ती फळ्यांची खाच. पूर्वी दुकान बंद करताना एकेक फळी त्या खाचेत उभी सरकवत. फळ्या चुकू नयेत म्हणून प्रत्येकीवर छिन्नीने आकडा कोरलेला असे, काही ठिकाणी मोडी लिपीत. आमच्या रस्त्यावर आता फळ्यांचं एकच दुकान उरलंय, ४१ नंबर. अकरा फळ्या आहेत, सातवी नवीन.

आता माझ्या धंद्याचा भाग, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. पाटी कधीची हे तिच्यावरच्या मजकुरावरून जवळजवळ नेमकं सांगता येतं.

पिनकोड असेल तर पाटी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, त्याआधी पिनकोड नव्हताच. जिल्ह्याचं नाव बघा. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या गावात ‘जि. अकोला’ अशी पाटी दिसली तर ती १९९८ च्या जुलैआधीची. गोंदियाकडे ‘जि. भंडारा’ असेल तर १९९९ च्या मे महिन्याआधीची आणि गडचिरोलीकडे ‘जि. चंद्रपूर’ म्हणजे १९८२ च्या ऑगस्टआधीची. जुन्या पावत्यांवर किंवा गल्ल्याच्या पेटीवर ‘मध्यप्रदेश’ दिसलं तर दचकू नका. १९५६ पर्यंत आपला विदर्भ त्याच राज्यात होता. १९५० च्या आधीचा कागद असेल तर त्यावर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असतं. फोन नंबरचे आकडे मोजा. दोन-तीन आकडी नंबर म्हणजे बहुधा गावातल्या एक्स्चेंजला हाताने जोडून द्यायचे तेव्हाचा. जीएसटी नंबर असेल तर जुलै २०१७ नंतरचं काम.

भिंतीवरच्या बियाण्यांच्या जाहिराती तर कापसाची पंचांगंच आहेत. संकरित कपाशीचं पहिलं वाण, हायब्रीड ४, १९७० चं. बीटी कपाशीला परवानगी २००२ ची. माझ्या हाताने मी दोन्ही लिहिलीत, एकाच भिंतीवर, एकावर एक. उन्हाने वरचा रंग उडाला की खालची अक्षरं परत दिसायला लागतात. तिरप्या उन्हात, सकाळी किंवा सायंकाळी फोटो काढा. दुपारच्या उन्हात काही दिसणार नाही.

मालकाला विचारून भिंतीच्या आडबाजूला रुपयाएवढी जागा पातीने हळू खरवडा. आमच्या २३ नंबरला वरून आत असं निघालं: अॅक्रिलिक, मग सिमेंटचा रंग, मग डिस्टेंपर, मग नीळ घातलेला चुना, मग पिवडी घातलेला चुना, मग गेरू आणि सगळ्यात आत नुसता पांढरा चुना. चुना दिवाळीला दरवर्षी लागायचा, म्हणून त्याचे पापुद्रे वहीच्या पानांसारखे सुटतात. भिंत मातीची आहे, चुन्यातली आहे की सिमेंटची, हेही तिथेच कळतं.

छपराच्या बाबतीत थोडक्यात. मातीचं धाबं किंवा देशी नळीचं कवेलू (कौल) जुनं, मंगलोरी कवेलू त्यानंतरचं, मग टिनं, मग स्लॅब. मंगलोरी कवेलूच्या पोटात कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, ते लिहून घ्या. लोखंडी गर्डर दिसला तर त्याच्या कडेला बॅटरी मारा. इंग्लंडच्या कारखान्याचं नाव निघतं, नाहीतर टाटाचं. टाटांच्या कारखान्यात पोलाद निघायला लागलं १९१२ साली, म्हणजे ते नाव असलेला गर्डर त्याआधीचा असू शकत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की गर्डर दुसरीकडून काढून आणूनही टाकतात. एका खुणेवर साल ठरवू नका, दोन तरी जुळू द्या.

रस्ता इथेच का, हा प्रश्न चोपडीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उत्तर कापसाशी जाऊन मिळतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते ६५ या काळात तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडाच्या कापसाला भाव आला. १८६७ ला रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, १८७० ला खामगावला फाटा आला, पुढच्या वर्षी अमरावतीला. कारंज्याला १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदाच आला. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे अडीच फुटी रुळांची गाडी निघाली, तीच आपली शकुंतला. आमचा मेन रोड स्टेशन, जिन आणि बाजार यांना जोडणारी सरळ रेघ आहे, म्हणून जुन्या वस्तीतल्या गल्ल्या वाकड्या असून हा रस्ता दोरी मारल्यासारखा दिसतो. तुमच्या गावी हे तीन ठिपके कुठे होते ते शोधा. मग चौथा ठिपका शोधा, एसटी स्टँड. स्टँड झालं की चहा, फळं, औषधं तिकडे सरकतात. पाचवा ठिपका गावाबाहेरचं मार्केट यार्ड. १९७२ ला कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी आली आणि आमच्या रस्त्यावरच्या हर्रासाचा (लिलावाचा) आवाज थांबला. अडतीच्या गाद्या उठल्या आणि त्या लांब, खोल, अंधाऱ्या खोल्यांत कापडवाले आले.

कागदांसाठी भूमी अभिलेख कार्यालयात आखीव पत्रिका मागा. त्यावर धारकांची नावं आणि फेरफार तारखेनिशी असतात. नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, जागा असेल तर पट्ट्याची नोंदही दिसते. नगरपरिषदेच्या कर आकारणीच्या जुन्या नोंदवहीत ‘कवेलूचे घर’, ‘टिनाचे छप्पर’ असं बांधकामाचं वर्णन सापडू शकतं. बाबू दाखवत नसेल तर भांडू नका, दहा रुपयांचा स्टँप लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. प्रतीला पानामागे दोन रुपये पडतात.

पण मला सगळ्यात जास्त मिळालं ते खरेदीखतांच्या चतुःसीमेतून. ‘पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस बोळ, उत्तरेस अमक्याचे दुकान, दक्षिणेस पडीत जागा.’ एका घराचं खत मिळालं की दोन शेजारी कळतात. त्या शेजाऱ्यांची खतं मिळाली की पुढचे दोन. अशी चार खतं जोडून मला १९३० च्या दशकातली उगवतीची ओळ जवळजवळ अर्धी लावता आली. आज जिथे तीन मजली लॉज आहे तिथे त्या कागदात ‘बंड्यांचा पडाव’ लिहिलंय.

ते वाचून मी आमच्या बांगडीवाल्या आजीकडे गेलो. वय ८६. “आजी, लॉजच्या जागी काय होतं?” म्हटलं. ती म्हणाली, “अरे बापू, तिथं तं बंड्याच बंड्या राहत. रातच्यानं बैलाच्या घंट्या वाजत तं मले झोप नाई ये.” कागदात घंट्या नव्हत्या. म्हणून माणसांकडे जा, आणि लवकर जा. माझ्या यादीतल्या चौदा म्हाताऱ्यांपैकी तिघं माझी वही भरायच्या आत गेले.

त्यांना ‘पूर्वी कसं होतं’ असं विचारू नका, ‘लय चांगलं होतं’ एवढंच उत्तर येतं. पहिली पाटी-पेन्सिल कुठून घेतली, लग्नाचं लुगडं कोणाकडचं, पावसात कोणाच्या ओट्यावर थांबायचे, असं विचारा. साल विचारू नका. ७२ च्या दुष्काळाआधी की नंतर, इंदिराबाई गेल्या तेव्हा हे दुकान होतं का, शकुंतलेचं वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं तेव्हा का, असं विचारा. ते इंजिन १९९४ ला गेलं आणि आमच्याकडे प्रत्येकाला तो दिवस आठवतो. दोघांचं सांगणं जुळलं नाही तर दोन्ही लिहा, समोर त्यांची नावं आणि वय घाला. आपण न्यायाधीश व्हायचं नाही.

फोटोंसाठी लग्नाचे अल्बम उघडायला सांगा. रस्त्याचा फोटो कोणी काढत नव्हतं, वरातीचा मात्र सगळ्यांनी काढलाय. घोड्यावरच्या नवरदेवामागे दुकानं उभी असतात. पोळ्याची मिरवणूक, गणपती, नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या कॅसेटी, सगळ्यात रस्ता आहे. अल्बम घरी मागून नेऊ नका, तिथेच मोबाइलने टिपा. मग त्याच जागी उभं राहून आजचा फोटो घ्या. जागा जुळवायला माडीची एखादी खिडकी पकडा, खालचं काही जुळणार नाही. गेल्या वीसेक वर्षांतला बदल गुगल अर्थच्या संगणकावरच्या आवृत्तीत जुनी उपग्रह चित्रं मागे-मागे नेऊन दिसतो, रिकामे प्लॉट भरताना स्पष्ट कळतात.

एक जपून करायची गोष्ट. मालक आणि भाडेकरू यांना एकत्र बसवून विचारू नका. आपल्याकडे १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश २००० पर्यंत चालला, मग राज्याचा नवा कायदा लागू झाला. भाडं जुनंच राहिलं म्हणून मालकाने डागडुजी केली नाही आणि भाडेकरू निघाला नाही. कित्येक माड्या पडल्या त्या याने, आणि कित्येक उभ्या राहिल्या त्याही यानेच. दोघांचं दुःख खरं असतं. दोघांकडे वेगळ्या दिवशी जा, चहा घ्या, एकाचं दुसऱ्याला सांगू नका. तुमची वही कोर्टात पुरावा म्हणून मागितली जाईल असं काही तिच्यात लिहू नका.

वहीच्या तीन प्रती करा. एक गावच्या वाचनालयात, एक शाळेत, एक घरी. दरवर्षी दिवाळीचे रंग लागून झाले की पाडव्याच्या सकाळी तोच फेरा परत मारा आणि बदललं तेवढं वेगळ्या शाईने लिहा.

माझा या वर्षीचा फेरा झाला. ४१ नंबरची भिंत रेघेपर्यंत पाडलीय. मालकाने अकरा फळ्या भंगारात दिल्या नाहीत, आमच्या पडवीत आणून ठेवल्यात, आकड्यांच्या क्रमाने. सातवीवर आकडा नव्हता. तो मी परवा पातळ ब्रशने लिहिला, खाली त्या दिवशीची तारीख घातली.