दोन नद्यांमधले कानाझावा: हे शहर कसे पाहावे

जपानला जाणारा मराठी प्रवासी बहुधा टोकियो, क्योतो, ओसाका आणि हिरोशिमा या ठरलेल्या वाटेने जातो. जपानी समुद्राच्या बाजूला असलेले कानाझावा त्याच्या आराखड्यात आलेच, तर दोन मोठ्या मुक्कामांमधला एका दुपारचा थांबा म्हणून येते. या शहराला तेवढा वेळ पुरत नाही. इशिकावा प्रांताची ही राजधानी साय आणि असानो या दोन नद्यांच्या मधोमध, एका अरुंद पठाराच्या टोकाशी वसली आहे. 1583 मध्ये माएदा तोशिइए हा सरदार येथील किल्ल्यात आला आणि पुढे जवळजवळ तीन शतके त्याच्या घराण्याने कागा संस्थानाचा कारभार येथून पाहिला. संस्थानाची श्रीमंती तेव्हा कोकूंमध्ये, म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल एवढ्या तांदळाच्या मापात मोजली जाई. कागा संस्थान दहा लाख कोकूंचे होते आणि देशाची सत्ता हाती असलेल्या शोगुनांच्या खालोखाल संपन्न मानले जाई. दुसऱ्या महायुद्धात शहरावर बॉम्बवर्षाव झाला नाही, त्यामुळे जुन्या गल्ल्या, मातीच्या भिंती आणि शहरभर पसरलेले कालवे बऱ्याच प्रमाणात टिकून राहिले.

हे शहर पाण्याच्या क्रमाने पाहावे, असे माझे ठाम मत आहे. हातात स्थळांची यादी घेऊन बसने इकडून तिकडे गेल्यास बाग, किल्ला, चहागृहे आणि सामुराई वस्ती ही सुटी सुटी चित्रे वाटतात. नदीकाठाने आणि कालव्याकाठाने चालत गेल्यास ती एकमेकांशी जोडलेली दिसतात. त्यासाठी दोन रात्रींचा मुक्काम असावा. एक दिवस असानो नदीच्या बाजूला, एक दिवस साय नदीच्या बाजूला, आणि पठारावरची बाग व किल्ला यांसाठी त्यातलीच एक सकाळ, अशी विभागणी सोयीची पडते.

पोहोचणे आणि पूर्वतयारी

टोकियोहून होकुरिकु शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन थेट कानाझावाला येते. हा मार्ग 2015 च्या मार्चमध्ये येथवर आला आणि सर्वांत जलद गाडी सुमारे अडीच तासांत पोहोचवते. मात्र कागायाकी नावाच्या या जलद गाडीत सर्व आसने आरक्षित असतात, म्हणून सुट्टीच्या दिवसांत तिकीट आधीच काढावे. टोकियोहून येताना डाव्या बाजूची खिडकी मिळाल्यास आकाश स्वच्छ असताना तोयामाजवळ तातेयामाची पर्वतरांग दिसते. मार्च 2024 पासून हा मार्ग पुढे त्सुरुगापर्यंत वाढला आहे, त्यामुळे क्योतो किंवा ओसाकाहून येणाऱ्यांना थंडरबर्ड एक्स्प्रेसने त्सुरुगापर्यंत येऊन तेथे शिंकान्सेन पकडावी लागते. टोकियोत उतरून ओसाकाहून परतणाऱ्या प्रवाशाला कानाझावा वाटेतच पडते, आल्या वाटेने मागे फिरावे लागत नाही. या संपूर्ण वळणासाठी परदेशी पर्यटकांना होकुरिकु आर्च पास हा सात दिवसांचा पास मिळतो. भारतीय नागरिकांना जपानचा व्हिसा प्रवासापूर्वीच काढावा लागतो.

छत्री मात्र विसरू नये. जेवणाचा डबा विसरला तरी चालेल, छत्री विसरू नका, असे येथील लोक एकमेकांना सांगत आले आहेत. हिवाळ्यात जपानी समुद्रावरून येणारे ओलसर वारे येथे पाऊस आणि जड, ओले बर्फ आणतात, आणि वीज-गडगडाट हा आपल्याकडे वळवाचा आणि मॉन्सूनचा अनुभव येथे ऐन डिसेंबर-जानेवारीत येतो. याच जड बर्फापासून झाडांना वाचवण्यासाठी 1 नोव्हेंबरपासून केनरोकुएन बागेत युकित्सुरी बांधण्यास सुरुवात होते: झाडाच्या मध्यभागी उंच खांब उभा करून त्याच्या टोकापासून प्रत्येक फांदीपर्यंत दोरी ताणली जाते. एप्रिलच्या सुरुवातीचा चेरीचा बहर आणि नोव्हेंबरमधली रंगलेली पाने हे गर्दीचे काळ होत. थंडी सोसणाऱ्याने नोव्हेंबरअखेरीस यावे. रंगलेली पाने आणि दोऱ्यांनी बांधलेली झाडे तेव्हा एकाच वेळी पाहायला मिळतात.

बागेत पाण्यामागून चालणे

1631 मध्ये मोठ्या आगीत किल्ला आणि गाव जळाले. किल्ला उंचावर असल्याने तेथे पाण्याची टंचाई होती, म्हणून पुढच्याच वर्षी इताया ह्योशिरो या माणसाकडे कालव्याचे काम सोपवले गेले. त्याने साय नदीच्या वरच्या अंगाला पाणी अडवून सुमारे 11 किलोमीटर लांबीचा तात्सुमी कालवा काढला. त्याचा काही भाग डोंगराच्या पोटातून बोगद्याने नेला आणि शेवटी बाग व किल्ला यांच्यामधल्या सखल जागेखालून पाणी नळाने पलीकडे चढवले. उगमाकडची पातळी किल्ल्यापेक्षा उंच असल्याने उलट्या वक्रनलिकेच्या तत्त्वावर, कोणत्याही यंत्राविना, पाणी वर येई. एवढे लक्षात ठेवून केनरोकुएनमध्ये शिरावे.

बहुतेक लोक किल्ल्यासमोरच्या कात्सुराझाका दाराने आत येतात आणि दोन पायांच्या कोतोजी दगडी दिव्यापाशी छायाचित्रासाठी रांग लावतात. माझी सूचना अशी की, वरच्या अंगाच्या कोदात्सुनो दाराने प्रवेश करावा. तेथे यामाझाकियामा या टेकाडाच्या पायथ्याशी कालव्याचे पाणी बागेत येते, वळणावळणाच्या ओढ्यातून पुढे सरकते, कासुमिगाइके या मोठ्या तळ्यात साठते आणि तेथून मिदोरी धबधब्याने खालच्या हिसागोइके तळ्यात उतरते. वाटेत एक साधे कारंजे लागते. ते वरच्या तळ्याच्या पातळीतील फरकावरच चालते आणि जपानमधील सर्वांत जुने कारंजे म्हणून सांगितले जाते. मोठ्या तळ्याकाठचे कारासाकी पाइन हे विस्तीर्ण झाड तेराव्या अधिपतीने बिवा सरोवराकाठच्या कारासाकीहून आणवलेल्या बियांपासून वाढवले. पाण्याबरोबर उतरत गेल्यास दीड तास सहज जातो, आणि दिवा वाटेत येतोच.

बाग 1874 मध्ये सर्वांसाठी खुली झाली. मार्च ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ती सकाळी सातला उघडते, उरलेल्या काळात आठला. त्याही आधी पहाटे ठरावीक दारांतून विनामूल्य प्रवेश मिळतो, मात्र नियमित वेळ सुरू होण्यापूर्वी बाहेर पडावे लागते. पर्यटकांचे मोठे गट येण्यापूर्वीचा हा वेळ अजिबात चुकवू नये. जपानच्या तीन श्रेष्ठ बागांमध्ये केनरोकुएनसह मितोची कैराकुएन आणि ओकायामाची कोराकुएन गणली जाते. यांपैकी कोराकुएनवरून पुण्यातले सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान बेतले आहे, तेव्हा ते पाहिलेल्यांना येथील रचनेची भाषा काहीशी ओळखीची वाटेल.

बागेतून पूल ओलांडला की किल्ल्याचे 1788 चे इशिकावा दार लागते. किल्ल्याचा मुख्य मनोरा 1602 मध्ये वीज पडून जळाला आणि पुन्हा बांधला गेला नाही, त्यामुळे हिमेजीच्या किल्ल्यासारख्या उंच वास्तूची अपेक्षा ठेवू नये. येथे पाहण्यासारख्या आहेत त्या तटाच्या भिंती. निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या पद्धतींनी रचलेले दगड एकाच फेरीत दिसतात, आणि सह्याद्रीतले गड पाहिलेल्या माणसाचे पाय तेथे आपोआप रेंगाळतात.

असानो नदीकाठी

स्थानिक लोक सायला पुरुष नदी आणि असानोला स्त्री नदी म्हणतात. असानोचे पात्र उथळ आणि काठ ठेंगणे आहेत, म्हणून पाणी हाताशी आल्यासारखे वाटते. याच कारणाने जुलै 2008 मधील अतिवृष्टीत नदी काठ ओलांडून वस्तीत शिरली होती. या नदीत कागा युझेन पद्धतीने रंगवलेल्या रेशमी कापडांचे लांब पट्टे धुतले जात. आता ते काम बहुतांशी कारखान्यांतल्या कृत्रिम प्रवाहात होते, पण जूनच्या सुरुवातीच्या ह्याकुमानगोकु उत्सवात युझेनने सजवलेले कागदी दिवे येथे पाण्यात सोडले जातात. तारखा जुळत असतील तर त्या संध्याकाळी मुक्काम अवश्य ठेवावा, आणि त्यासाठी राहण्याची जागा बरीच आधी ठरवावी.

चालण्याची सुरुवात कुबोइची ओत्सुरुगी या देवळापासून करावी. त्याच्या मागून कुरागारिझाका नावाच्या अरुंद पायऱ्या उतरतात आणि आपण थेट काझुएमाची या नदीकाठच्या चहागृहांच्या, म्हणजे गायन-नृत्याच्या मैफली होणाऱ्या घरांच्या, गल्लीत येतो. तेथून 1922 मध्ये बांधलेला असानोगावा ओहाशी हा कमानी पूल ओलांडला की काही मिनिटांत हिगाशी चाया वस्ती लागते. 1820 मध्ये संस्थानाच्या परवानगीने वसवलेल्या या वस्तीतल्या दुमजली लाकडी घरांना इतक्या बारीक पट्ट्यांच्या जाळ्या आहेत की आतल्याला बाहेरचे दिसते, बाहेरच्याला आतले दिसत नाही. यांपैकी शिमा हे घर त्याच वर्षीचे असून आता संग्रहालय म्हणून खुले आहे. वरच्या मजल्यावरच्या गायन-नृत्याच्या खोल्यांसाठी ते पाहायलाच हवे. बाकीची अनेक चहागृहे आजही चालू आहेत आणि तेथे ओळखीच्या माणसाच्या शिफारशीशिवाय प्रवेश मिळत नाही. बंद दार ढकलून पाहू नये, गेइकोंच्या, म्हणजे येथे गायन-नृत्य करणाऱ्या कलावंत स्त्रियांच्या, मागे कॅमेरा घेऊन जाऊ नये आणि गल्लीतून खात चालू नये. दुकाने संध्याकाळी लवकर मिटतात. त्यानंतर जेवण उरकून पुन्हा या गल्लीत यावे, कारण दिवसाची गर्दी ओसरलेली असते आणि घरांतून कधी शामिसेन या तीन तारांच्या वाद्याचे सूर ऐकू येतात.

जपानमधील जवळजवळ सर्व सोन्याचा वर्ख कानाझावात तयार होतो. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ वर्ख ठोकण्याला येथील दमट हवा मानवते, असे मानतात. वर्ख लावलेले आइस्क्रीम या वस्तीत जागोजागी मिळते. त्यावर पैसे घालण्यापेक्षा एखाद्या कार्यशाळेत डबीवर किंवा ताटलीवर वर्ख चिकटवण्याचा अनुभव घ्यावा, असे मी सुचवेन. मिठायांच्या काजूकतलीवर चांदीचा वर्ख पाहत आलेल्या आपल्याला ही कारागिरी विशेष जवळची वाटते.

साय नदीची बाजू

सायचे पात्र रुंद, काठ उंच आणि मोकळे आहेत. 1924 चा सायगावा ओहाशी हा पोलादी पूल आणि वरच्या अंगाचा साकुराबाशी यांच्या दरम्यान काठावरून सावकाश चालावे. पलीकडच्या चढावर तेरामाची ही मंदिरांची वस्ती आहे. तेथील म्योर्यूजी मंदिर गुप्त जिने आणि फसव्या दारांसाठी प्रसिद्ध आहे, परंतु त्यासाठी आधी वेळ ठरवून घ्यावी लागते आणि माहिती जपानीत सांगितली जाते. मुलांबरोबर आलेल्यांना ते आवडेल, मात्र अगदी लहान मुलांना आत घेत नाहीत. जवळची निशी चाया वस्ती हिगाशीहून लहान आणि निवांत आहे.

नदी ओलांडून परत आल्यावर नागामाची गाठावे. तेथे सामुराईंच्या घरांच्या मातीच्या भिंतींना लागून ओनोशो कालवा वाहतो, आणि हिवाळ्यात बर्फाने माती झडू नये म्हणून भिंतींवर गवती चटया बांधतात. दुपारचा उरलेला वेळ दाइसेत्सु तेइतारो सुझुकी यांच्या संग्रहालयाला द्यावा. झेन या बौद्ध ध्यानपंथाचा विचार पाश्चात्त्य जगापुढे मांडणारे सुझुकी 1870 मध्ये याच शहरात जन्मले. वास्तुकार तानिगुची योशिओ यांनी 2011 मध्ये उभारलेल्या या वास्तूत वस्तू मोजक्याच आहेत. मधोमध उथळ, स्थिर पाण्याचे अंगण आहे आणि बसायला बाके आहेत. ध्यान हा विषय भारतातून चीनमार्गे येथवर आला, ही गोष्ट तेथे बसल्यावर मनात येतेच. सोमवारी ते बंद असते.

खाण्यापिण्याविषयी

कोकण-गोव्याकडच्या मासेप्रेमींनी ओमिचो बाजारात सकाळी जावे. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून येथे स्नो क्रॅब जातीचे खेकडे येतात. लहान, अंड्यांनी भरलेली मादी वर्षअखेरपर्यंतच मिळते आणि स्थानिक लोक तिचीच वाट पाहतात. विकत घेतलेला पदार्थ दुकानासमोरच उभे राहून संपवावा.

शाकाहारी प्रवाशाला अधिक सावध राहावे लागते. फक्त मांस नको म्हटले, तर समोर येणाऱ्या सूपमध्ये किंवा नूडल्समध्ये सुक्या माशाचा अर्क, दाशी, असतोच. मांस, मासे, कोळंबी आणि माशांची दाशी चालत नाही, असे जपानीत लिहिलेला कागद जवळ ठेवावा. जिबुनी हा येथील प्रसिद्ध पदार्थ बदकाच्या मांसाचा असतो, आणि स्टीलच्या ताटलीत कोबीबरोबर येणारी दाट, काळपट कानाझावा करी भाजीची वाटली तरी तिचा रस्सा सहसा मांसाचाच असतो. कागा भागातले कमळकंद, रताळी आणि गव्हाच्या ग्लुटेनचे फु हे पदार्थ उत्तम असतात, पण ते दाशीत शिजवलेले नाहीत ना, हे विचारावे. तांदूळ आणि चवळीसारख्या लाल आझुकीच्या सारणाच्या पारंपरिक मिठाया बहुधा निर्धोक असतात, आणि त्या बाबतीत कानाझावा क्योतोच्या बरोबरीने नावाजले जाते. माच्चा या हिरव्या चहाबरोबर त्या केनरोकुएनमधल्या चहाघरातही मिळतात.

शहरात फिरताना सामान स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवावे. बसमध्ये मागच्या दाराने चढून उतरताना पुढे पैसे द्यायचे असतात, म्हणून सुटी नाणी हाताशी असावीत. स्टेशनपासून बाग किंवा हिगाशी चाया अर्ध्या तासाच्या चालण्यावर आहे, त्यामुळे बस केवळ पावसात किंवा परतीच्या वेळी लागते. 1 जानेवारी 2024 च्या भूकंपाने उत्तरेकडच्या नोतो द्वीपकल्पाची मोठी हानी केली. तिकडे पुढे जायचे असल्यास रस्ते आणि मुक्कामाची स्थिती कानाझावा स्टेशनवरच्या पर्यटन माहिती केंद्रात विचारून घ्यावी, आणि नोतोतल्या वाजिमाचे लाखकाम कानाझावातल्या दुकानांत दिसल्यास ते तेथूनच घ्यावे, कारण त्याचे पैसे वाजिमाच्या कारागिरांपर्यंत पोहोचतात.